कथेत न बोलावता कुणी आलं, तर काय करायचं?

लालबागच्या एका चाळीची कथा लिहीत होते. वडील वारल्यावर मुलगा भाडेपावती आपल्या नावावर करून घ्यायला येतो. इमारत पुनर्विकासाला जायची आहे, सह्या चालू आहेत, आणि खोलीचे जे काही पैसे येतील त्यातून त्याला डोंबिवलीच्या फ्लॅटचं कर्ज फेडायचं आहे. एवढं माझं ठरलेलं होतं. तो वर चढत असताना वाचकाला जिना दिसावा म्हणून दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मी एक म्हातारी बसवली. मेथी निवडत. ती पाय आखडून घेईल, तो वर जाईल, तिचं काम संपेल.

तिने पाय आखडलेच नाहीत. जुडी तशीच मांडीवर ठेवून तिने वर बघितलं आणि म्हणाली, "तू सखारामचा न्हवं? तुझ्या बापाचं खातं माझ्या वहीत उघडंच हाय अजून."

हे वाक्य मी ठरवून लिहिलेलं नव्हतं. कसलं खातं, कुठली वही, माझं मलाच माहीत नव्हतं. कथा लिहिणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतो, आणि तिथे दोन चुका हमखास होतात. आराखड्यात हे नाही म्हणून घाबरून ते वाक्य खोडलं जातं. नाहीतर हरखून जाऊन अख्खी कथाच त्या नव्या माणसाच्या हवाली केली जाते. मी दोन्ही चुका पुष्कळ केल्या आहेत. घरी अवेळी पाहुणा आला तर आपण त्याला दारातून परत पाठवत नाही, आणि कपाटाच्या किल्ल्याही देत नाही. पाणी देतो, बसवतो, कुठून आलात विचारतो. कथेतही हेच करावं लागतं, फक्त त्याचा क्रम माहीत हवा. मला तो बऱ्याच वर्षांनी सापडला, तो इथे सविस्तर मांडते. म्हातारीची कथाच उदाहरण म्हणून शेवटपर्यंत बरोबर ठेवते.

हे आपल्यालाच होतं असं नाही

आधी मनातली एक भीती काढून टाका. पात्र आपल्या मनाने बोलू लागलं म्हणजे आपला कथेवरचा ताबा सुटला, असं नवीन लेखकांना वाटतं. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांच्या मुलाखती घेऊन २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ९२ टक्के लेखकांनी, पात्रं स्वतःच्या मर्जीने वागतात असा अनुभव कमीअधिक प्रमाणात येतो, असं सांगितलं. पुढे इंग्लंडमधल्या डरॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी एडिंबरा पुस्तक महोत्सवात आलेल्या १८१ लेखकांची पाहणी केली. त्यात ६३ टक्के लेखकांना पात्रांचे आवाज ऐकू येत होते.

टेलर यांच्या अभ्यासातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांचं लेखन छापून आलं होतं, त्यांना हा अनुभव जास्त वेळा आणि जास्त बारकाव्यांसह येत होता. म्हणजे याचा संबंध सरावाशी असावा. भाकरी थापणाऱ्या बाईला पाणी किती घालायचं विचारलं तर तिला आकडा सांगता येत नाही, तिच्या हाताला ते माहीत असतं. रोज लिहिणाऱ्याचंही तसंच होतं. माणसं कशी बोलतात, काय लपवतात, कशावर चिडतात हे इतकं मुरतं की उत्तर आधी कागदावर येतं आणि आपल्याला मागाहून कळतं. त्यामुळे पुढच्या पायऱ्या प्रतिभेची वाट बघणाऱ्यांसाठी नाहीत. रोज तासभर बसणाऱ्यांसाठी आहेत.

पायरी पहिली: आराखड्यात जिने सोडा

मी कथा सुरू करण्यापूर्वी तीनच गोष्टी नक्की करते. मुख्य माणसाला काय हवं आहे, ते त्याला का मिळत नाही आहे, आणि कथा कुठल्या जागेत घडते. शेवट मनात असला तरी कागदावर लिहीत नाही. प्रसंगांची यादी करते, पण प्रत्येक दोन प्रसंगांमध्ये एक मोकळी जागा ठेवते. तिला मी जिना म्हणते. माणूस एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना ज्या जिन्यावरून, फलाटावरून, रांगेतून, रिक्षातून जातो, ती जागा. न बोलावलेली माणसं बहुतेक तिथेच भेटतात. शहरात खरोखरही तसंच होतं. आपल्या खोलीत आपण कुणाला बोलावतो ते आपण ठरवतो, जिन्यात कोण भेटेल ते आपल्या हातात नसतं.

आराखडा अजिबात नसेल तर मात्र पंचाईत होते. सगळंच अनपेक्षित असलं की काहीच अनपेक्षित राहत नाही. मुलाला खोलीचे पैसे हवे आहेत हे पक्कं होतं, म्हणूनच म्हातारीच्या वहीला तिथे धार आली.

पायरी दुसरी: प्रत्येकाच्या हाताला काम द्या

सगळ्या लेखात एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

"पायरीवर एक म्हातारी बसली होती" असं लिहिलं असतं तर ती कधीही बोलली नसती. ती मेथी निवडत होती म्हणून तिला थांबता आलं, जुडी मांडीवर ठेवता आली, वर बघता आलं. हात थांबले आणि मग तोंड उघडलं. "गरीब", "थकलेली", "प्रेमळ" या शब्दांतून पात्र बाहेर येत नाही. ते वस्तूतून आणि कामातून येतं.

करून बघा. तुमच्या जुन्या कथेतली पाच बिनकामाची माणसं काढा आणि प्रत्येकाला एक काम द्या. "कोपऱ्यावर पेपरवाला होता" असं असेल तर तो रविवारच्या अंकात पुरवण्या भरतो आहे असं लिहा. "इस्त्रीवाला होता" असेल तर तो शर्टाच्या खिशात सापडलेले कागद बाजूला एका डब्यात ठेवतो आहे असं लिहा. आता त्या डब्यात काय काय आहे? कुणाचं तिकीट, कुणाची चिठ्ठी, कुणी परत न मागितलेलं औषधाचं बिल. इस्त्रीवाल्याला इमारतीतल्या चौदा घरांबद्दल काय काय माहीत असेल, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधीच तुमच्या मनात उभा राहिला असेल. हाच तो क्षण. पाचपैकी चार माणसं गप्प राहतील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पायरी तिसरी: आलं की थांबू नका, आणि वाक्यच टिपा

अनपेक्षित काही आलं की आपला हात थबकतो. लगेच वाटतं, मागचे प्रसंग बदलावे लागतील, शब्द वाढतील, हे बसणार कसं. त्या क्षणी हा हिशेब करायचा नाही. फोनवर पंधरा मिनिटांचा गजर लावा आणि तो माणूस जे बोलतो, करतो ते लिहीत सुटा. मागे वळून वाचू नका, तपशील शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. नंतर ओळखता यावं म्हणून समासात दोन फुल्या मारून ठेवा.

मुंबईत लिहिणाऱ्याचं अर्धं लेखन लोकलमध्ये सुचतं आणि गर्दीत वही काढता येत नाही. फोनवर मराठीत बोललं तरी टाइप होतं, तेही जमत नसेल तर आवाज रेकॉर्ड करा. पण काय टिपता ते महत्त्वाचं. एकदा कुर्ला आणि शीवच्या दरम्यान मला तिकीट तपासनीसाचं एक पात्र सुचलं. मी फोनमध्ये टाइप केलं, "तिकीट तपासनीस, एकटेपणा, चांगली कल्पना." चार दिवसांनी ते उघडलं तेव्हा त्यात काहीही उरलं नव्हतं. तो मनात काहीतरी बोलला होता, ते मी लिहिलंच नव्हतं. एकटेपणा हा माझा निष्कर्ष होता, त्याचा आवाज नव्हता. म्हातारीच्या वेळी "म्हातारी, उधारी" एवढंच टिपलं असतं तर तीही गेली असती. "तुझ्या बापाचं खातं माझ्या वहीत उघडंच हाय अजून" या वाक्यात तिची बोली आहे, तिचा अधिकार आहे, आणि 'अजून' या शब्दात चाळीसएक वर्षं आहेत.

पायरी चौथी: कुठून आलं ते विचारा

हे दुसऱ्या दिवशी करा. त्याच दिवशी सगळंच सोन्यासारखं वाटतं.

अचानक सुचलेल्या गोष्टी माझ्या अनुभवात तीन वाटांनी येतात. पहिली वाट कंटाळ्याची. मुख्य प्रसंग लिहिणं अवघड जात असलं की मन पळवाट काढतं आणि एक नवीन, आकर्षक माणूस आणून उभा करतं. खूण सोपी आहे. हा माणूस आल्यावर मुख्य पात्राची अडचण सुटते किंवा विसरली जाते. बाप आणि लेकीचं कडाक्याचं भांडण लिहायचं असतं आणि नेमकी तेव्हाच दारावरची बेल वाजते, ही ती वाट.

दुसरी वाट उसन्याची. काही वर्षांपूर्वी माझ्या एका दीर्घकथेत एक इन्स्पेक्टर आला. सिगारेट न पेटवता ओठांत धरणारा, कमी बोलणारा, बायको सोडून गेलेला. तीन महिने मी त्याच्या मागे होते. तेवढी पानं झाल्यावर ध्यानात आलं की त्याची प्रत्येक हालचाल मी पडद्यावर पाहिलेली होती. माझ्या ओळखीच्या एकाही पोलिसासारखा तो नव्हता. त्याला कुठल्या ठाण्यातून कुठल्या गाडीने घरी जावं लागतं, डबा कोण देतं, हे मला सांगता येत नव्हतं. उसनं पात्र असं ओळखायचं. त्याची ऐट लगेच दिसते, त्याचा मंगळवार दिसत नाही.

तिसरी वाट आपल्या साठवणीची. हिचं मूळ शोधलं की सापडतं, आणि ते एकाच ठिकाणी नसतं. मेथी निवडणारे ते हात मी रोज बघत आले आहे. संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणाऱ्या लोकलच्या लेडीज डब्यात बायका भाजी निवडतात, मटार सोलतात, घरी पोचेपर्यंत रात्रीच्या स्वयंपाकाची अर्धी तयारी झालेली असते. वही लहानपणीच्या वाण्याकडची, लाल कापडी पुठ्ठ्याची. आवाज आमच्या शेजारच्या पाटणकडच्या एका आजींचा. तीन ठिकाणचे तीन तुकडे एकत्र येऊन एक बाई झाली होती. अशी सरमिसळ दिसली की पात्र आपलं आहे असं मी मानते.

आणि तुकडे एकाच ओळखीच्या माणसाचे निघाले तर सावध व्हा. चाळीत, सोसायटीत माणसं एकमेकांना चटकन ओळखतात. शेजारणीचं दुःख जसंच्या तसं छापून आलं तर तिला त्याच जिन्यावरून रोज जायचं असतं. नाव बदलून भागत नाही. धंदा बदला, घरातली माणसं बदला, आणि ज्या घटनेवरून ती ओळखली जाईल ती घटना बदला. हे करताना पात्र पुष्कळदा अधिक मोकळं होतं, कारण आता त्याला खऱ्या माणसाशी इमान राखायचं नसतं.

पायरी पाचवी: मोठे प्रश्न नकोत, बारीक विचारा

लेखनाच्या कार्यशाळांमध्ये पात्राला विचारायला लावतात, तुझं स्वप्न काय, तुझी भीती कोणती. मला त्यातून कधी काही मिळालं नाही. उत्तरं गुळगुळीत येतात. त्याऐवजी पंचनामा करतात तसे प्रश्न विचारा. वस्तू कुठे ठेवली आहे? ती कुणी आणली? कुणाच्या हाताची आहे? शेवटची कधी उघडली? प्रश्न माझ्या हस्ताक्षरात लिहायचा आणि उत्तर पात्राच्या तोंडून, त्याच्या बोलीत, थेट 'मी' म्हणून लिहायचं. एक पान पुरतं.

म्हातारीचं पान असं झालं. तिला नाव दिलं हौसाबाई. कसली वही? खानावळीची. कोण जेवायचं? गिरणीतली माणसं, बायकामुलं गावी ठेवून आलेली, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी. वही कुठे असते? तांदळाच्या डब्याखाली. इथपर्यंत मला अंदाज येत होता. मग मी सहज विचारलं, वहीत लिहायचं कोण?

आणि कागदावर उत्तर आलं, "मला कुठं लिवाय येतंय? ज्यानं त्यानं आपलं आपण लिवायचं. मी न्हाई कुनाला इचारलं."

मी पेन खाली ठेवलं. हौसाबाई निरक्षर होती. म्हणजे सखारामच्या खात्यातली प्रत्येक नोंद सखारामच्याच हातची होती. म्हणजे मुलगा ती वही उघडेल तेव्हा त्याला कर्जाचा आकडा दिसण्याआधी वडिलांचं अक्षर दिसणार होतं.

मग पुढचा प्रश्न विचारला, नेमकं काय लिहिलं आहे? तारीख आणि "दोन वेळ". रोज. फेब्रुवारीच्या मध्यापासून "एक वेळ". म्हणजे पैसे देता येत नाहीत म्हटल्यावर तो एकदाच जेवू लागला, आणि तिला वाचता येत नाही हे माहीत असूनही एकही जेवण लिहायचं चुकवलं नाही. माझ्या मूळ आराखड्यात मुलाचं एक वाक्य होतं, "आमच्या अण्णांनी कुणाचा पैसा ठेवला नाही." ते मी नुसतं स्वभाव दाखवायला घातलं होतं. आता ते वाक्य खोटंही ठरत होतं आणि खरंही. पैसे बुडवले होते, पण लपवले नव्हते. कथेचा खरा विषय मला इथे सापडला, आणि तो "लिहायचं कोण" या साध्या प्रश्नातून सापडला. स्वप्न आणि भीती विचारून तो मिळाला नसता.

पायरी सहावी: वय आणि तारखा मांडा

मनातून आलेल्या माणसाला जन्मसाल नसतं. ते आपण द्यायचं. एका कागदावर चार रकाने पाडा. साल, मुख्य पात्राचं वय, नव्या पात्राचं वय, आणि शहरात तेव्हा काय चाललं होतं.

माझी कथा २०२४ मध्ये घडते. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली, आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तेव्हा हौसाबाई तीस वर्षांची धरली तर आज बहात्तर. जिना चढून पायरीवर बसणारी बाई म्हणून हे वय चालतं. ती चाळीसची असती तर आज ब्याऐंशी, मग तिला जिन्यात बसवणं अवघड होतं. मुलगा १९७९ चा, म्हणजे संपाच्या वेळी गावी, आईजवळ, त्याला काही आठवणं शक्य नाही. हे जुळलं नसतं तर खाडाखोड करावीच लागली असती. संपात अनेक कामगार गावी निघून गेले, तसा सखाराम मार्चअखेर गेला. १८ जानेवारी ते ३१ मार्च म्हणजे १४ अधिक २८ अधिक ३१, एकूण ७३ दिवस. मुलगा वहीत नोंदी मोजतो तेव्हा त्या ७३ भरायला हव्यात. वाचक मोजणार नाही हे खरं, पण मी मोजलं होतं म्हणून तो प्रसंग मला ठामपणे लिहिता आला.

तपशील शोधताना पात्राची दुसरी बाजू उघडते, म्हणून ही पायरी हिशेबनिसाची समजून उरकू नका. खानावळींबद्दल वाचताना अन्नपूर्णा महिला मंडळाचं काम पुन्हा नीट समजून घेतलं. गिरणगावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली ते सुरू केलं. हे वाचलं आणि मला कळलं की मी हौसाबाईला एक प्रश्न विचारलाच नव्हता. तुझे गिऱ्हाईक पैसे देईनात, तेव्हा तुझा हप्ता कुणी भरला? धान्य, रॉकेल कुठून आणलं? संपाची झळ कामगाराच्या घराला बसली तशी त्याला जेवू घालणाऱ्या बाईलाही बसली असणार. त्या उत्तरातून तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीचा तपशील आला. मण्यांची पोत आहे, सोन्याच्या वाट्या नाहीत. कथेत ती याबद्दल एक शब्द बोलत नाही.

असे संदर्भ शोधायला दादर पूर्वेला, नायगावच्या बाजूला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग आहे. १८९८ साली स्थापन झालेली ही संस्था. जुन्या अंकांतल्या बातम्यांइतक्याच जाहिरातीही वाचा, भाव आणि वस्तू तिथे सापडतात.

पायरी सातवी: किती जागा द्यायची ते ठरवा

इथे मन घट्ट करावं लागतं. नव्या पात्राला देण्याजोग्या तीन जागा असतात. एका वाक्याची, एका प्रसंगाची, आणि कथेच्या कण्याची. ठरवण्यासाठी मी एकच कसोटी लावते. हे पात्र काढलं तर मुख्य माणसाचा निर्णय बदलतो का? बदलत नसेल तर पात्र कितीही गोड असो, त्याला वाक्य मिळेल, फार तर प्रसंग. हौसाबाई काढली तर मुलगा वर जातो, सही करतो, खाली येतो. ती असली तर सही करण्याआधी त्याला वहीतून जावं लागतं. म्हणून तिला कणा मिळाला.

कणा दिला तरी कथा तिची झाली नाही, हेही सांगायला हवं. कथा मुलाचीच राहिली. तिच्या डोक्यात आपण एकदाही शिरत नाही. माझ्याकडे तिच्या तोंडून लिहिलेली सहा पानं होती, त्यातली कथेत अकरा वाक्यं आली. बाकीची तिच्या गप्प राहण्यात आली असं मला वाटतं.

हे न कळल्याची किंमत मी एकदा मोजली आहे. एका दिवाळी अंकासाठी तीन हजार शब्दांची कथा मागवली होती. लिहिता लिहिता तिच्यात एक दाई आली आणि मी तिला भरभरून जागा दिली. कथा नऊ हजारांवर गेली आणि मी ती तशीच पाठवली. संपादकांनी परत केली, आणि तोवर ऑगस्ट उजाडला होता, दुसरं काही लिहून द्यायला वेळ नव्हता. आज ती कथा वाचते तेव्हा दिसतं की दाई सुंदर आहे, पण ती आल्यापासून ज्या मुलीची कथा होती ती मुलगी पानापानांवर नुसती बसून ऐकते आहे. मुख्य पात्र श्रोता झालं की समजावं, जागा वाटायची राहिली आहे.

पायरी आठवी: मागे जाऊन पेरा

पात्र सातव्या पानावर सुचलं तरी वाचकाला ते तिथे टपकल्यासारखं वाटता कामा नये. पहिला खर्डा पूर्ण करा, मगच मागे जा. अर्ध्यातून मागे गेलात तर पुढचं लिहून होत नाही.

पेरणी थोडी करायची. मी तीन ठिकाणी केली. मुलगा वडिलांच्या पिशवीतले कागद चाळतो तिथे त्यांचं अक्षर दाखवलं, दोनचा आकडा मोडीच्या वळणाने काढायची त्यांची सवय. पुढे वहीत तो आकडा दिसला की मुलाला नाव वाचावं लागत नाही. दुसरं, घरी ताटात काही टाकलं की वडील काही न बोलता ते ताट आपल्याकडे ओढून घ्यायचे, ही एक ओळ. आणि तिसरं, "कुणाचा पैसा ठेवला नाही" हे वाक्य, जे आधीपासून होतं. ते फक्त शेवटाकडून पहिल्या पानावर हलवलं.

वही मात्र कुठेही आधी सूचित केली नाही. माणसाची तयारी करावी, वस्तू अचानक येऊ द्यावी.

पात्र ऐकेनासं झालं तर

कधी उलटं होतं. ठरवलेला संवाद पात्राच्या तोंडी घालतो आणि तो मेलेला वाटतो. शेवटाला मुलाने हौसाबाईला पैसे द्यावेत असं मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा ते खोटं वाटलं. असं झालं की पात्राशी झुंजू नका. प्रसंगातली एक भौतिक गोष्ट बदला. जागा, वेळ, किंवा कुणाच्या हातात काय आहे. मी पैशाचं पाकीट काढून त्याच्या हातात पेन दिलं, कारण सह्या करायला आलेला माणूस खिशात पेन घेऊनच आला असणार. तो ३१ मार्चच्या नोंदीखाली आडवी रेघ मारायला जातो, आणि ती त्याचं मनगट धरते. एवढंच. पुढचं त्यांनी आपापलं केलं.

चार-पाच बदल करूनही प्रसंग हलत नसेल तर बहुधा तो प्रसंग नकोच असतो.

ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी

इतकं करूनही पुष्कळ माणसं उरतात. त्यांना पुसून टाकू नका. एक वेगळी वही ठेवा, फाइल नको, वहीच, कारण ती चाळता येते. प्रत्येकाला एक पान द्या. वर त्याचं वाक्य, खाली हाताला काय काम होतं ते, आणि कुठल्या कथेतून निघाला त्या कथेचं नाव. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा वाचून काढा. नव्या कथेच्या शोधात असताना नव्हे, सहज.

माझ्या वहीत सध्या एकतीस माणसं आहेत. दाई आहे, खिशातले कागद डब्यात ठेवणारा इस्त्रीवाला आहे. तिकीट तपासनीसाचं पान बरीच वर्षं कोरं होतं, फक्त "शीव" एवढं लिहिलेलं. गेल्या महिन्यात दादरला पुलावरून उतरताना माझ्या पुढे एक तपासनीस चालले होते, ड्यूटी संपलेली, काळा कोट घडी करून हातावर घेतलेला, आणि पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या तपासनीसाने सवयीने त्यांच्याकडे तिकीट मागितलं. मी फलाटावरच थांबले आणि ते काय म्हणाले ते तसंच्या तसं टिपून घेतलं.